ल्योंचे देणे

एखाद्या माणसाचे ऋण सांगायला बसले की वाचक समजून घेतात. गुरुजी असतात, आजी असते, अडीनडीला धावून आलेला शेजारी असतो. शहराचे ऋण म्हटले की समोरच्याला वाटते, आता ही फोटो दाखवणार. फ्रान्समधल्या ल्यों शहरात मी नोकरीनिमित्त काही वर्षे राहिले, आणि फोटो माझ्याकडेही ढीगभर आहेत. पण ज्या गोष्टीसाठी मी त्या शहराची देणेकरी आहे, ती फोटोत मावणारी नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळेत मराठी. तेलंगणातून पोटासाठी आलेल्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत जशी घरे असतात तसे आमचे. वडील, म्हणजे नायना, चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. अम्मा विड्या वळायची. विडी कारखान्याच्या शाखेतून तिला पाने आणि तंबाखू वजनाने मिळे आणि त्याच्या विड्या मोजून परत द्याव्या लागत. रात्री पाने भिजवायची, सकाळी पत्र्याच्या फर्म्याने कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायची. हिशेब कागदावर सरळ होता. प्रत्यक्षात पाने फाटकी निघत, किडकी निघत, मग ठरलेल्या विड्या भरत नसत आणि कमी पडलेली पाने पदरच्या पैशाने आणावी लागत. तपासणारा काही विड्या बाजूला काढी, त्यांची मजुरी मिळत नसे. अम्मा रोज भांडायची. काट्यावरून, पानांवरून, बाजूला काढलेल्या विड्यांवरून. मी सोबत जायचे, आणि तिचा आवाज चढला की चार पावले मागे सरकून दुसरीकडे बघत उभी राहायचे. आपली आई भांडकुदळ आहे असे मला मनापासून वाटे. इतर बायका निमूट मजुरी घेऊन जातात, हिलाच काय होते?

उन्हाळ्याच्या सुटीत मी गल्लीतल्या पंचिंगच्या दुकानात बसायचे. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, मग एकेका ओळीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्टीला भोके पाडतात. ते पत्ते ओळीने दोऱ्यात गुंफून त्यांची लांब माळ करायची, हे माझे काम. माळ मागावरच्या जेकार्ड यंत्रावर चढली की एकेक पत्ता सुयांसमोर येतो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचा धागा. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, धागा खालीच राहतो. एक पत्ता चुकीच्या जागी गुंफला की मोराची मान तुटायची आणि नायना घरी येऊन काही न बोलता जेवायचे.

इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतला. पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात जेकार्डच्या मागावर एक परिच्छेद होता, परीक्षेत दोन मार्कांचा. हा जेकार्ड म्हणजे आमच्या गल्लीतलाच, हे मला वाचताक्षणी कळले होते. वर्गात सांगावेसे मात्र वाटले नाही. सोलापूर सोडायचे आणि पुन्हा धाग्याचा संबंध नको, एवढेच तेव्हा डोक्यात होते. पुण्यात नोकरी लागली, तिथून कंपनीने ल्योंला पाठवले. पॅरिस नाही म्हणून मी थोडी खट्टूच झाले. ल्योंबद्दल मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हते. जेकार्ड हे ज्याचे नाव, तो जोसेफ मारी झाकार 1752 साली याच गावात जन्मला, हेसुद्धा नाही.

शहर समजायला सोपे आहे, ओळखीचे व्हायला अवघड. आल्प्सकडून जिनिव्हाच्या सरोवरातून येणारी रोन नदी वेगवान आणि थंड. उत्तरेकडून येणारी सोन संथ, मातकट. दोघींच्या मध्ये जमिनीची एक लांब जीभ आहे, तिथे बाजार, चौक, नगरपालिका. दक्षिणेच्या टोकाला दोन्ही नद्या मिळतात आणि बऱ्याच अंतरापर्यंत पाण्याचे दोन रंग वेगळे दिसतात. पश्चिमेला फुर्व्हिएरची टेकडी, तिच्यावर एकोणिसाव्या शतकातले मोठे चर्च. उत्तरेला क्र्वा-रूसची टेकडी. गावात म्हण आहे की एक टेकडी प्रार्थना करते आणि दुसरी काम करते. मी पहिले कित्येक महिने ही म्हण पर्यटन खात्याची जाहिरात समजत होते. हिवाळ्यात नद्यांवरून धुके चढायचे, रविवारी दुकाने बंद, शेजारी जिन्यात हसून नमस्कार करणार पण दार उघडून आत बोलावणार नाहीत. ल्योंची माणसे घुमी असतात असे बाकीचे फ्रेंच म्हणतात. त्यात फार खोटे नाही.

मला खोली मिळाली ती क्र्वा-रूसवर, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात. मादाम ऐंशीच्या घरातल्या. माझे फ्रेंच तोडकेमोडके आणि त्यांचे बोलणे मोजके, त्यामुळे आमचे जमले. खोलीचे छत माझ्या अंगावर यायचे. जवळजवळ चार मीटर उंच, वर जाड लाकडी तुळया आणि भिंतभर उंच खिडक्या. झोपायला स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर लाकडी माळा. हीटरचे बिल पाहून मी एकदा वैतागून विचारले, एवढे उंच छत कोणत्या शहाण्याने बांधले? मादाम खुर्चीवर चढू लागल्या, मी त्यांना अडवले, मग त्यांनी काठीने तुळईवरचे खाचे दाखवले. मागाच्या चौकटीला आधार म्हणून तुळईपर्यंत टेकू मारत, त्याच्या त्या खुणा होत्या. झाकारचे यंत्र मागाच्या डोक्यावर बसते, म्हणून छत उंच. रेशमाचे रंग दिवसाच्या उजेडात पारखायचे, म्हणून खिडक्या उंच. जागा सगळी मागांना गेली, म्हणून माणसे माळ्यावर. मादामची आजी अशाच घरात मागाखाली खेळत वाढलेली होती.

त्या रात्री मी माळ्यावर पडून त्या खाचांकडे बघत राहिले. आमच्या कारखान्यातही जेकार्डसाठी पत्रा उंच केलेला होता, आणि नायना त्याखाली आयुष्यभर उभे होते. यंत्राला लागते म्हणून घर तसे बांधायचे, आणि पुढे यंत्र गेल्यावर तेच घर शहराने जपून ठेवायचे, हे माझ्या कल्पनेत बसत नव्हते. 1998 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जो ल्योंचा भाग निवडला, त्यात या टेकडीचा उतारही आहे. राजवाडे नाहीत तिथे. मागवाल्यांच्या चाळी आहेत.

मग मी हिंडू लागले. फ्रेंच क्रांतीनंतर मठांच्या जमिनी विकल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात या उतारावर इमारतींच्या रांगा उठल्या. उतार एवढा तीव्र की रस्त्यांना वळसे फार. त्यावर उपाय म्हणजे त्राबूल, म्हणजे एका रस्त्याच्या दारातून शिरून अंगणे आणि जिने पार करून दुसऱ्या रस्त्यावर निघणारी वाट. व्होरासच्या अंगणातला सहा मजली दगडी जिना पाहताना मान दुखते. जुन्या ल्योंमधल्या अशा वाटा तर याहून कितीतरी आधीच्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांना याच वाटा उपयोगी पडल्या. त्या लढ्याचा नेता झाँ मूलाँ 21 जून 1943 रोजी ल्योंला लागूनच असलेल्या काल्युइरमध्ये पकडला गेला. अशा पकडलेल्यांना जिथे कोंडत, तो मोंल्युकचा तुरुंग आज स्मारक म्हणून बघता येतो. तिथल्या कोठड्यांबद्दल मी इथे लिहिणार नाही, त्यासाठी वेगळा लेख आणि वेगळा लेखक हवा.

एका रविवारी टेकडीवरच्या विणकरांच्या संग्रहालयात गेले. तिथे हातमाग चालवून दाखवतात. विणकराने पायटा दाबला, धोटा सरकला आणि वर पत्त्यांची माळ एक घर पुढे गेली. तो आवाज ऐकून मी रडले, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. माहिती देणारी मुलगी पत्त्यांविषयी सांगत होती. कागदाला भोके पाडून धागे निवडायची कल्पना झाकारची एकट्याची नव्हती. त्याआधी ल्योंमध्येच 1725 साली बाझिल बूशों याने भोके पाडलेला कागद वापरला, फाल्कों याने 1728 च्या सुमारास पुठ्ठ्याचे पत्ते आणले, मग व्होकांसों याने यंत्र मागाच्या वर बसवले. झाकारने 1804 च्या सुमारास हे सगळे एकत्र आणून चालते केले. 1839 साली याच गावात त्याचे चित्र रेशमात विणले गेले आणि त्याला सुमारे 24,000 पत्ते लागले. गणकयंत्राची कल्पना करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्या चित्राची एक प्रत मिळवली होती आणि तो ती पाहुण्यांना कौतुकाने दाखवी. दोन मार्कांचा तो परिच्छेद तिथे पुरा झाला. मी त्या मुलीला म्हणाले, असे पत्ते मी गुंफलेले आहेत. तिने विश्वास बसल्यासारखे दाखवले. मग मी गाठ कशी मारायची ते करून दाखवले, तेव्हा तो वयस्क विणकर माग थांबवून जवळ आला आणि मला "सहकारी" म्हणून हाक मारून माझी सोलापूरची चौकशी करू लागला. आमच्या गावाचे नाव परदेशात कोणी आदराने उच्चारलेले मी पहिल्यांदा ऐकले.

इथवर सगळे गोडच आहे. इथेच थांबले असते तर ल्योंने मला फक्त अभिमान दिला असता, आणि अभिमान सोलापुरातही फुकट मिळतो.

खरी शिकवणी झाली ती वाचनालयात. उतारावर सेंट-पोलिकार्प नावाची एक गल्ली आहे. तिथल्या एका जाड भिंतींच्या इमारतीच्या दारावर सिंहाचे तोंड आणि भोवती तुतीची पाने कोरलेली आहेत. आत आता नगरपालिकेचे वाचनालय आहे. घरी हीटर लावायला नको म्हणून मी संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. ही इमारत मुळात कशासाठी बांधली, हे मला बरेच उशिरा समजले. रेशीम हवेतला दमटपणा शोषून घेते. तेच रेशीम ओल्या दिवशी जड भरते, कोरड्या दिवशी हलके. रेशीम सोन्याच्या भावाने विकले जायचे, तेव्हा विकणाऱ्याला दमट रेशीम हवे आणि घेणाऱ्याला कोरडे. यातून भांडणे इतकी वाढली की 1805 साली नेपोलियनच्या हुकमाने ल्योंमध्ये एक सार्वजनिक संस्था उभी राहिली. पुढे तिथली पद्धत ठरली ती अशी: रेशमाचा नमुना घ्यायचा, पूर्ण वाळवायचा, तोलायचा, आणि त्यावर ठरावीक दमटपणा धरून खरे वजन जाहीर करायचे. हा ठरावीक आकडा 11 टक्के झाला. म्हणजे मी ज्या इमारतीत बसून उबदार हवेत वाचत होते, ती बांधलीच होती काट्याच्या भांडणासाठी.

त्याच टेबलावर मी 1831 च्या उठावाचे प्रकरण वाचले. व्यवस्था अशी होती. व्यापारी रेशीम आणि नक्षी द्यायचा, माग त्याचे नसत. घरात दोनचार माग असलेला विणकर, त्याला तिथे कान्यू म्हणत, तो कापड विणून वाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायचा आणि त्यातली साधारण अर्धी हाताखालच्या कामगाराला द्यायचा. भाव पडले की व्यापारी मजुरी कापी. कान्यूंनी किमान दराची मागणी केली. 25 ऑक्टोबर 1831 रोजी प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा कलेक्टर म्हणा, याच्यासमोर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी बसले आणि दरपत्रक ठरले. शंभरावर व्यापाऱ्यांनी ते मानायला नकार दिला. 21 नोव्हेंबरला विणकर टेकडीवरून खाली उतरले. काळ्या झेंड्यावर लिहिले होते, काम करून जगायचे नाहीतर लढून मरायचे. शेकडो माणसे मेली आणि जखमी झाली, सैन्य मागे हटले, आणि काही दिवस सारे शहर विणकरांच्या हातात होते. त्या दिवसांत त्यांनी लुटालूट होऊ नये म्हणून पहारे बसवले, हे त्यांच्या विरोधकांनाही लिहावे लागले. डिसेंबरच्या सुरुवातीला मार्शल सूल्ट सुमारे 20,000 सैनिक घेऊन आला. दरपत्रक रद्द झाले, मध्यस्थी करणाऱ्या प्रीफेक्टला घरी पाठवले. 1834 च्या एप्रिलमध्ये पुन्हा उठाव झाला, तो तोफांनी मोडला.

सोलापूरची मुलगी हे वाचून दचकत नाही. गिरणी कामगारांच्या गावात 1930 चा मार्शल लॉ आणि पुढच्या जानेवारीत फाशी गेलेले चौघे आम्हाला शाळेच्या आधी माहीत असतात, त्यांचे पुतळे रोजच्या रस्त्यावर आहेत. मला धक्का दिला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्या काळात कान्यूंचे स्वतःचे एक साप्ताहिक निघायचे, लेको द ला फाब्रिक. विणकर आणि व्यापारी यांचे तंटे सोडवणारे जे मंडळ होते, त्याच्या सुनावण्यांचा वृत्तान्त त्यात येई. मी शब्दकोश घेऊन ते जुने अंक वाचत होते. व्यापाऱ्याने वहीत रेशमाचे वजन लिहिले आहे. कापडाचे वजन त्यापेक्षा कमी भरते आहे. विणताना वाया जाणारे रेशीम किती धरायचे? दिलेले रेशीमच वाईट होते, धागा तुटत होता, त्याचे नुकसान कोणी सोसायचे? कापडावर डाग आहे म्हणून मजुरी कापली, तो डाग कोणाचा?

पान उलटले की पुन्हा तेच. वाया गेलेले किती धरायचे, वाईट माल कोणी दिला, डाग कोणाचा. शाखेतल्या काट्यासमोर उभे राहून अम्मा हेच विचारत होती, अगदी याच क्रमाने. फरक एवढाच की ल्योंमध्ये हे प्रश्न कोणीतरी लिहून घेतले, छापले, आणि पावणेदोनशे वर्षे जपले. अम्माचे प्रश्न ऐकायला तिथे मीच होते, आणि मी दुसरीकडे बघत होते.

त्यानंतर मी घरी फोन केला की अम्माला जुने विचारू लागले. वजनाच्या वेळी पाने ओली असायची का? किती फाटकी चालायची? ती आधी चिडली. तिला वाटले मला नोकरीत काहीतरी झाले आहे. मग हळूहळू सांगू लागली. पावसाळ्यात पाने जड भरतात म्हणून ती मुद्दाम मधला गठ्ठा मागायची. तपासणाऱ्याने काढलेल्या विड्या ती त्याच्यासमोर मोडून टाकायची, कारण त्या तशाच ठेवल्या तर त्याही विकल्या जातात आणि मजुरी कोणालाच मिळत नाही, असे तिचे म्हणणे होते. एवढी वर्षे जिला मी कजाग समजले, ती बाई हिशेबाला पक्की होती. हे कळायला मला सोनच्या काठावर जावे लागले.

त्या शहराने आणखी बरेच दिले, ते थोडक्यात सांगते. ख्रिस्तपूर्व 43 मध्ये रोमन लोकांनी फुर्व्हिएरवर लुगदुनुम वसवले. पुढे सम्राट झालेला क्लॉडियस तिथेच जन्मला. इसवी सन 48 मध्ये त्याने रोमच्या सिनेटमध्ये भाषण केले की गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, प्रमुख लोकांनाही सिनेटमध्ये घ्या, रोम बाहेरच्यांना सामावूनच मोठे झाले. ते भाषण कोरलेला कांस्याचा पत्रा 1528 साली क्र्वा-रूसच्या उतारावर सापडला. आज तो फुर्व्हिएरच्या संग्रहालयात आहे, अक्षरे इतकी स्वच्छ की लॅटिन न येणाराही बोट ठेवून वाचू लागतो. घरात एक भाषा, शाळेत दुसरी, नोकरीत तिसरी असलेल्या मला त्या पत्र्यासमोर बरे वाटायचे. शहराने तो सल्ला स्वतः नेहमी पाळला असे मात्र नाही. पूर्वेच्या उपनगरांत, जिथे विसाव्या शतकात कृत्रिम रेशमाचे कारखाने निघाले आणि परदेशातून मजूर आणले गेले, तिथली वस्ती आजही टेकडीपासून दूरच आहे. 1983 साली समान हक्कांसाठी मार्सेपासून पॅरिसपर्यंत जो लांब मोर्चा चालत गेला, त्याची कल्पना ल्योंच्या अशाच एका उपनगरातल्या, मँगेत नावाच्या वसाहतीतल्या तरुणांची होती. ऋणाईत असले तरी एवढे सांगायला हवे.

नायना गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी अम्माला ल्योंला घेऊन आले. डिसेंबरची आठ तारीख जवळ होती. 1852 साली फुर्व्हिएरवर मेरीची सोनेरी मूर्ती बसवायची होती. आधी पुराने मुहूर्त लांबला, मग नेमक्या त्या संध्याकाळी वादळ आले आणि रोषणाई बारगळते की काय असे झाले. आभाळ निवळताच लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. तेव्हापासून दर वर्षी लावतात. आता त्याचा चार रात्रींचा मोठा उत्सव झाला आहे, इमारतींवर रंगीत प्रकाशचित्रे, लाखोंची गर्दी. मला त्यातले खिडक्यांचे काचेचे दिवेच आवडतात. मादाम आणि अम्मा यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींनी मिळून खिडकीत दिवे लावले. अम्माने न सांगता वारा येणाऱ्या बाजूचा दिवा आत सरकवला, तेव्हा मादाम म्हणाल्या, हिला शिकवावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला सेंट-पोलिकार्पच्या त्या इमारतीपाशी नेले. इतके दिवस मनात धरून ठेवलेली गोष्ट तिला सांगायची होती. काट्याच्या भांडणासाठी इथे दोनशे वर्षांपूर्वी सरकारने घर बांधले, असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. अम्मा भिंतीला हात लावून ऐकत होती. मग तिने विचारले,

"पण काटा कोणाच्या ताब्यात?"

"व्यापाऱ्यांचे मंडळ होते, चेंबर ऑफ कॉमर्स. ते चालवायचे."

"म्हणजे शेठच की ग."

मी म्हटले, तंटे सोडवायला वेगळे मंडळ होते, 1806 सालचे, फ्रान्समधले पहिले. त्यात विणकरही बसायचे.

"किती?"

"नऊ जणांत चार. पाच व्यापारी."

"मग ठीक आहे," अम्मा म्हणाली, आणि तिच्या त्या ठीक आहेचा अर्थ मला पुरता कळला. "आणि बायका?"

बायका नव्हत्या. मागाखाली, चरख्यावर, रंगाच्या भट्टीवर बायका होत्या, पण त्या मंडळाच्या निवडणुकीत फ्रान्समधल्या बायकांना मत मिळाले ते 1907 साली. मी तिला 1869 चा संपही सांगितला. ल्योंमध्ये रेशमाला पीळ देणाऱ्या बायकांनी त्या उन्हाळ्यात काम बंद ठेवले होते, फ्रान्समधल्या बायकांच्या सुरुवातीच्या मोठ्या संपांपैकी तो एक. फिलोमेन रोझाँ त्यांची पुढारी. अम्माने पहिला प्रश्न विचारला तो मजुरी वाढली का. फारशी नाही, काही ठिकाणी तास कमी झाले. "तास कमी झाले ते बरं झालं," ती म्हणाली. मग बाहेर थंडीत उभे न राहता आम्ही वाचनालयात जाऊन बसलो आणि ती चित्रांची पुस्तके चाळत राहिली.

मी इतके दिवस पुस्तकांतून जे वाचले होते ते आदराने वाचले होते. त्या आदरामुळे मंडळाच्या नऊ खुर्च्यांपैकी पाच कोणाच्या, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. अम्माला तो पायरीवर उभ्या उभ्या पडला. ल्योंचे देणे मी मानते ते यासाठी की या शहराने मला तिचे ऐकायला लावले. फेडण्यासारखे माझ्याकडे काही नाही. परत आल्यावर सुटीच्या दिवशी पूर्व भागात जाऊन मी विडी वळणाऱ्या बायकांकडून काट्याच्या, पानांच्या, कापलेल्या मजुरीच्या हकिगती लिहून घेते. काम हळू चालते, बायकांना वेळ नसतो. तुमच्या घरी कोणी असे काम केले असेल तर त्यांच्या मजुरीच्या वह्या, पासबुके, हिशेबाचे कागद रद्दीत टाकू नका. तारीख घालून एका पिशवीत ठेवा, आणि ती माणसे आहेत तोवर त्यांना कागद दाखवून विचारा.

आणि कधी ल्योंला गेलात तर नदीकाठ आणि चर्च पाहून झाल्यावर क्र्वा-रूसच्या उतारावरून पायी खाली या. त्राबूलमधून जाताना आवाज हळू ठेवा, तिथे माणसे राहतात. सेंट-पोलिकार्प गल्लीत सातव्या क्रमांकाच्या दारावर सिंहाचे तोंड दिसेल. पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसते. दार उघडे असले तर आत जा.